दर पाचव्या दिवशी

या गोष्टीला आता चार वर्षं होतील. तरी अजून ऊस दातानं सोलणारा कुणी दिसला की शिवलीलाला हसू येतं, आणि समोरचा बिचारा आपल्या तोंडाला काय लागलंय म्हणून गाल पुसत बसतो.

जानेवारीतली संध्याकाळ होती. राजारामपुरीतला तिचा दातांचा दवाखाना बंद व्हायला आला होता. शेवटचा पेशंट गेला, मदतनीस बाई गेल्या, ती ट्रे आवरत होती, तेवढ्यात दार ढकलून एक जण आत आला. गालावर रुमाल, डोळ्यांत पाणी, आणि तरीही तुम्हाला त्रास देतोय बरं का, असा चेहऱ्यावर भाव… तिनं हातातला ट्रे परत खाली ठेवला आणि केसपेपर पुढं ओढला.

"नाव?"

"रामलिंग."

"वय?"

"एकोणतीस."

शिवलीलाचं पेन थांबलं. नाव ऐकून तिच्या डोळ्यांसमोर कवळी बसवायला आलेले, काठी टेकणारे आजोबा उभे राहिले होते. प्रत्यक्षात समोर उंच, सावळा, चष्मा लावलेला एक तरुण उभा होता. दाढी दोन दिवसांची आणि शर्टाला मळीचा वास.

"आजोबांचं नाव ठेवलंय," तो रुमालाआडून म्हणाला. "सगळे असंच बघत्यात. सवय हाय."

"काय झालं?"

"दात मोडला. ऊस खाताना."

"चाकूनं सोलून नाही खाता येत?"

"वारणानगरला साखर कारखान्यात हाय ओ मी. लॅबमध्ये. चाकूनं ऊस सोलला तर माणसं हसतील की."

हसू दाबत तिनं त्याला खुर्चीत बसवलं. इंजेक्शन दिलं, दिवा ओढला, बोलायचं नाही म्हणून बजावलं. दोन मिनिटं तो खरंच गप्प होता. मग त्यानं उघड्या तोंडानं काहीतरी सुरू केलं. आँ… आँ… आणि हात काचेच्या पार्टिशनकडं.

"दुखतंय?"

मान हलली… नाही.

"मग गप्प राहा."

"आँ… टा… टाई…"

तिनं वैतागून आरसा बाहेर काढला. "काय म्हणायचंय?"

"टाकी. ती बाहेरची. खाऱ्या पाण्याची हाय न्हवं?"

शिवलीला थबकली. त्या टाकीसमोर रोज पंधरा-वीस माणसं बसत. कुणी विचारायचं, यातला मासा खायचा असतोय का? कुणी विचारायचं, ही प्लॅस्टिकची फुलं कुठं मिळतात? दुखऱ्या दाढेसकट टाकी ओळखणारा हा पहिलाच.

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्याकडंबी हाय. एवढीशी, कॉलनीतल्या खोलीत. मला वाटत हुतं, अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच येडा."

"दोघं आहात. दुसरे माझे अप्पा."

"आणि तुम्ही?"

"मी दातांची डॉक्टर. तोंड उघडा."

काम संपल्यावर तिनं सांगितलं, रूट कॅनल आहे, अजून तीन वेळा यायला लागेल. सुन्न झालेला ओठ सावरत तो म्हणाला, "तीनच?"

दार लोटून घेताना तिला जाणवलं, की आपण अजून हसतोय.

---

अप्पा म्हणजे डॉक्टर शिवशरण तोडकर. याच दवाखान्यात, याच खुर्चीशेजारी त्यांनी तीस वर्षं काढली. अर्ध्या कोल्हापूरच्या दाढा ज्या हातांनी काढल्या, ते हात दोन वर्षांपूर्वी थरथरायला लागले, आणि एका सकाळी त्यांनी ड्रिल लेकीच्या हातात देऊन टाकलं. त्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. नुसती वेताची खुर्ची उचलून बाहेरच्या हॉलमध्ये टाकीसमोर नेऊन ठेवली.

टाकी चार फुटी. समुद्र घाटापलीकडं, म्हणून समुद्राचं पाणी घरीच बनवायचं: मागच्या खोलीत पिंपात शुद्ध पाणी, त्यात समुद्री मीठ. आत दगडांवर झोआ लावलेले. झोआ म्हणजे एक प्रवाळ. शर्टाच्या बटणाएवढी फुलं, दगडभर दाटीवाटीनं उगवलेली, आणि प्रत्येक फूल जिवंत. हिरव्या पाकळ्या आणि मध्ये केशरी ठिपका असलेला सगळ्यांत मोठा दगड अव्वानं, शिवलीलाच्या आईनं, पसंत केला होता. अव्वा जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या बोटाच्या पेराएवढा आणलेला तुकडा आता पसरून ताटाएवढा झाला होता.

त्याआधीच्या सप्टेंबरात टाकी भरताना अप्पा नळ सुरू ठेवून झोपी गेले. खारं पाणी हॉलभर झालं आणि दवाखान्याचा कॉम्प्रेसर जळला. दिवसभर पेशंट परत पाठवून थकलेली शिवलीला त्या दिवशी तडकली होती. "अप्पा, आणखी एक चूक झाली ना, तर मी ही टाकी काढून टाकीन." बोलली आणि जेवताना विसरूनही गेली.

दुसऱ्या वेळी रामलिंग आला तो हातात एक डबा घेऊन. झाकण उघडलं तर पाण्यात निळ्या-जांभळ्या झोआंचा तुकडा.

"हे कशाला?" तिनं विचारलं.

"दात दुखायचा थांबला म्हणून."

"त्यासाठी लोक पेढे आणतात."

"पेढ्यानं दात किडत्यात, तुम्हीच म्हटला हुता."

वेताच्या खुर्चीतून अप्पा मनापासून हसले. तो आवाज तिनं किती महिन्यांनी ऐकला होता… मग ते दोघं टाकीसमोर असे रमले, की रामलिंगाची दाढ बघायची आहे याची आठवण तिलाच करून द्यावी लागली. रामलिंगानं खिशातून भिंगाचं छोटं यंत्र काढलं, टाकीतल्या पाण्याचा थेंब त्यावर टाकला आणि डोळ्याला लावून उजेडाकडं बघितलं. कारखान्यात असल्याच यंत्रातून तो उसाच्या रसाची गोडी मोजायचा.

"म्हणजे दिवसा गोड आणि संध्याकाळी खारट," शिवलीला म्हणाली.

"आणि मधल्या वेळात तुमच्याकडं."

ती ट्रेमधलं काहीतरी शोधायला लागली. काय शोधत होती, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

निघताना अप्पांनी त्याला थांबवलं. "पावणं, डबा मोकळा न्यायचा नसतोय. लीलाच्या आईनं कुणाचा डबा कधी मोकळा दिला न्हाय." त्यांनी कापत्या हातांनी, कुणाला मदत करू न देता, अव्वाच्या दगडाचा एक कोपरा चिमट्यानं तोडला. "ही बघा, दिवाळीपासनं ह्याला नवी पिल्लं फुटल्यात," ते अभिमानानं म्हणाले.

आता यात एक गोम होती. टाकीत नवं काही सोडायचं तर आधी औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचं आणि महिनाभर वेगळं ठेवायचं, हे दोघांनाही पाठ होतं. पण प्रेमानं दिलेली वस्तू देणाऱ्यादेखत औषधानं धुवायची कशी? पेढा हातात घेऊन त्याचा वास घेण्यासारखंच ते. त्याचा तुकडा यांच्या टाकीत तसाच गेला आणि यांचा तुकडा डब्यातून वारणानगरला.

---

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अव्वाचा दगड मिटला.

तीन दिवस एकही फूल उघडलं नाही. अप्पा चहा विसरून समोर बसून होते. शिवलीलानं दात बघायचं भिंग डोळ्यांवर चढवलं, हातमोजे घातले, दगड बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवला. झोआंच्या अंगात विष असतं, उघड्या हातानं हाताळायचं नाही. ती बराच वेळ बघत राहिली. मग दोन देठांच्या मधलं एक फूल चालायला लागलं.

ती बिनशंखाची समुद्री गोगलगाय होती. तांदळाच्या दाण्याएवढी. जे प्रवाळ खाते त्याचाच रंग अंगावर चढवते, म्हणून ही हिरवी, पाठीवर केशरी ठिपके, थेट अव्वाच्या फुलासारखी. एक दिसली आणि मग दिसतच गेल्या. दगडाखाली त्यांची अंडी, नखावर मावेल एवढ्या चकलीसारखी पांढरी वेटोळी.

तिनं तिथल्या तिथं फोन लावला. "तुम्ही आम्हाला काय दिलंय, ते येऊन बघा."

रामलिंग शिफ्टच्या कपड्यांतच मोटरसायकल दामटत आला. भिंगातून अव्वाचा दगड बघितला, मग कोपऱ्यातला स्वतः दिलेला निळा तुकडा बघितला. तो मात्र चांगला फुललेला होता. मग त्यानं अप्पांकडं बघितलं. अप्पा फरशीकडं बघत होते.

रामलिंगानं भिंग उतरवून ट्रेशेजारी ठेवलं.

"माझ्याकडनंच आलं असणार," तो म्हणाला.

"असणार काय? आलंच आहे."

"व्हय. आलंय. चूक माझी."

ती बोलत सुटली. निष्काळजीपणा, शिकलेला माणूस, लॅबमध्ये काम करणारा… शेवटी ती म्हणाली, "अप्पांची सकाळ या टाकीपाशी सुरू होते. हा दगड गेला तर त्यांच्याकडं काय उरतं, सांगा ना मला."

"जाऊ देत न्हाय मी," तो म्हणाला. "औषधात बुडवलं की किडे मरत्यात, पण अंडी मरत न्हाईत. ती हातानं खरवडायची. नजरेतनं सुटली ती फुटणार, म्हणून पाचव्या दिवशी परत बुडवायचं. परत पाचव्या दिवशी. लागोपाठ तीन वेळा काय निघालं न्हाय, की संपलं."

"महिना जाईल यात."

"जाईल की."

ती मोजे आणायला आत गेली. रागानं तिचे कान तापले होते. आणि त्या रागाच्या तळाशी, हा माणूस आता महिनाभर येणार, असं काहीतरी हळूच हललं… त्याचाही तिला राग आला.

---

दातांच्या दवाखान्याइतकी सोयीची जागा या कामाला दुसरी नसेल. मोजे, मास्क, डोळ्यांवरचा चष्मा, पिचकारी, सगळं हाताशी. एक्स-रेच्या खोलीत छोटी रिकामी टाकी मांडली आणि सगळे झोआ तिकडं हलवले, म्हणजे मोठ्या टाकीत मागं राहिलेले किडे उपाशी मरतील. मग एकेक दगड आयोडीन घातलेल्या पाण्यात बुडवायचा. कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. दहा मिनिटं ठेवायचा, पिचकारीनं फवारायचा, पडलेल्या गोगलगायी मोजायच्या. मग दगड उलटा करून, दातांवरचं किटण काढायच्या आकडीनं शिवलीला एकेक वेटोळं अलगद सोडवायची, आणि रामलिंग दगड धरून उभा.

पहिल्या दिवशी तेवीस निघाल्या. ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पण दगड अकरा होते, आणि प्रत्येकाला दहा मिनिटं. दहा मिनिटं बादलीकडं बघत दोन माणसं किती वेळ गप्प बसणार?

दुसऱ्या खेपेला नऊ निघाल्या. तिला कळलं, की तो कॉलेजला कोल्हापुरातच होता, पहिली टाकी त्यानं हॉस्टेलच्या पलंगाखाली ठेवली होती आणि त्यापायी हॉस्टेल सोडावं लागलं होतं. त्याला कळलं, की तिला दातांची डॉक्टर व्हायचं नव्हतं, नकाशे काढायचे होते, आणि हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"मग मला का सांगितलं?"

"मास्क लावलाय म्हणून."

"चष्माबी काढू नका मग."

"रामलिंग, हात हलवू नका. अंडं निसटतंय."

"तुम्ही नाव घेतलं की हलतोय ओ हात. पेशंट म्हणा."

त्या दिवशी काम आटपल्यावर अप्पांनीच दोघांना गंगावेशीत दूध प्यायला पिटाळलं. समोर धार काढून दिलेलं म्हशीचं फेसाळ दूध. लहानपणी अव्वा तिला दर गुरुवारी तिथं न्यायची. तिच्या ओठांवर फेसाची मिशी उमटायची आणि अव्वा ती पदरानं पुसायची. आई गेल्यापासून शिवलीला त्या बाजूला फिरकलीच नव्हती. ग्लास तोंडाला लावला आणि एकदम सगळं आठवलं. आठवलं, पण बोचलं नाही. रामलिंग तिच्याकडं बघत होता.

"मिशी आलीय," तो म्हणाला.

"कुठं?"

त्यानं हात पुढं केला… आणि अर्ध्यावरून मागं घेतला. खिशातला रुमाल काढून तिच्यापुढं धरला. तोच, दाढ दुखताना गालाला लावलेला. धुतलेला होता, हे तिनं बघून घेतलं. शेवटी डॉक्टर ती.

तिसऱ्या वेळी दोनच निघाल्या. अव्वाच्या दगडावर सात फुलं उघडली. अप्पांनी ती पुन्हा पुन्हा मोजली. आणि तोवर शिवलीलाचं कॅलेंडर बदललेलं होतं. सोमवार-मंगळवार तिच्या लेखी संपले होते. दिवस दोनच प्रकारचे उरले होते, तो यायचा दिवस आणि तो येईपर्यंतचे चार.

---

चौथ्या वेळी कारखान्यात कुणीतरी रजेवर गेलं आणि रामलिंगाला डबल शिफ्ट लागली. फोन आला, "आज जमणार न्हाय, तुम्ही आणि काका करून घ्या."

तिला नको तेवढं वाईट वाटलं. ते लपवायला म्हणून ती अप्पांना चेष्टेनं म्हणाली, "बघा अप्पा. चूक करायची पावण्यांनी आणि निस्तरायची आपण."

अप्पांनी हातातली पिचकारी खाली ठेवली.

"लीला, चूक त्याची न्हाय."

"म्हणजे?"

"ह्या किड्यांना मी दिवाळीतच बघितलो हुतो. तवा तो पोरगा कुठं हुता? मला वाटलं, तुझ्या अव्वाच्या दगडाला नवी पिल्लं फुटल्यात. रोज बघत बसायचो… खूश हुतो. पावण्याला दिलेल्या तुकड्यातनं तीच त्याच्याकडं गेली. त्याचीबी टाकी किड्यांनी खाल्लीय."

"त्यांना हे ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवशीच ओळखलं त्यानं. किडे हिरवे, आणि त्याचा निळा तुकडा ठणठणीत. तू मोजे आणायला आत गेलतीस, तवा मी सांगायला लागलो. तर म्हणाला, काका, मला दिसलंय. राहू द्या माझ्यावर."

"पण तुम्ही मला का नाही सांगितलं?"

अप्पांनी दोन्ही हात मांडीवर एकात एक धरले, थरथर दिसू नये म्हणून. "तू म्हणालीस न्हवं… आणखी एक चूक झाली तर टाकी काढणार."

शिवलीलाला ते वाक्य आठवायला एक क्षण लागला. आठवलं, आणि तिला लाज वाटली. ज्या माणसानं तिला आयुष्यात कधी दटावलं नव्हतं, तो पाच महिने तिला भिऊन होता. ती खाली बसली. त्यांचे हात आपल्या हातांत घेतले आणि थरथरले तरी सोडले नाहीत.

"टाकी कुठंही जात नाही, अप्पा. चुकलं तर परत भरू. शंभरदा चुकलं तरी भरू."

"आता रडू नको. दगडाची धा मिनिटं व्हत आली," अप्पा म्हणाले, आणि स्वतःच डोळे पुसायला लागले.

रविवारी सकाळी तिनं स्कूटर काढली. "मी येतो जाऊन," कोल्हापूरच्या मुली बोलतात तसं बोलून ती निघाली. अप्पांनी कुठं ते विचारलं नाही. वाटेत गुऱ्हाळांचा गोड धूर पसरला होता, आणि ती मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होती. कुठल्या वाक्यानं सुरुवात करायची, इथपर्यंत सगळं ठरलं होतं.

वारणानगरच्या कॉलनीतल्या खोलीचं दार रामलिंगानं उघडलं ते बनियनवर. तिला बघून तो आत पळाला आणि शर्टाची बटणं एक सोडून एक लावत परत आला.

"डॉक्टर, तुम्ही हितं?"

"तुमची टाकी बघायला आले."

"बघण्यासारखं काय उरलं न्हाय."

खरंच नव्हतं. निळ्या उजेडात रिकामे दगड, आणि कोपऱ्यात जेमतेम तीन तुकडे, तेही मिटलेले. दर पाचव्या दिवशी तिच्याकडं यायचा, तिचे दगड वाचवायचा, आणि परत येऊन हे बघायचा. भांडणाचं पहिलं वाक्य ती विसरली.

"अप्पांनी सगळं सांगितलं," ती म्हणाली. "का खोटं बोललात?"

"काकांचं तोंड बघवलं न्हाय." तो चुकीची बटणं चाचपत राहिला. "आणि…"

"आणि काय?"

"दात तर बरा झालता. चूक माझी म्हटल्यावर निस्तरायला मला यायलाच लागणार हुतं की."

तिला हसायचं होतं आणि रडायचंही होतं. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. "ऐका. माझ्याशी परत खोटं बोलायचं नाही. चांगल्यासाठीसुद्धा नाही. माझ्या धाकानं घरातली माणसं खरं लपवायला लागलीत, हे मला सोसत नाही."

"न्हाय बोलणार."

"शब्द?"

"शब्द."

मग तिनं पिशवीतून मोजे काढले, आकडी काढली, आणि बादली कुठंय म्हणून विचारलं. शेजारच्या मावशी चहा देण्याच्या निमित्तानं तीनदा डोकावून गेल्या. तिसऱ्यांदा तर त्या चहा आणायलाच विसरल्या होत्या.

---

मार्च निम्मा झाला. दवाखान्यातले दगड लागोपाठ दोनदा बुडवून काही निघालं नव्हतं. आज तिसरी खेप. आज काही निघालं नाही, की संपलं.

बाहेर हॉलमध्ये अप्पा पेपर वाचत होते. आत दहा दगड स्वच्छ निघाले. अकरावा अव्वाचा. तो आता इतका फुलला होता, की दगड दिसत नव्हता. शिवलीलानं तो उलटा केला, भिंग लावलं. खाली काही नव्हतं. एक कडा झाली, दुसरी झाली… कुठंच काही नव्हतं. महिनाभर याच दिवसासाठी राबलो आणि आता तो आला तर नकोसा का वाटतोय, ते तिला कळेना. रामलिंग मोटरसायकलला किल्ली लावील, "येतो डॉक्टर" म्हणेल, आणि मग एखाद्या वर्षी दाढ दुखली तर येईल.

"एक आहे," ती म्हणाली.

"कुठं?"

"इथं. कडेला. वेटोळं आहे."

तो जवळ सरकला. तिनं भिंग काढून त्याच्या डोळ्यांवर चढवलं. तो वाकून बघत राहिला, बराच वेळ. आयोडीनचा वास, पंपाची बारीक घरघर.

"डॉक्टर," तो हळूच म्हणाला, "हितं काय न्हाय."

"नीट बघा."

"नीटच बघितलं." त्यानं भिंग वर केलं. "तुमच्याशी खोटं बोलायचं न्हाय म्हटलोय मी. न्हाईतर हाय म्हटलो असतो… लई म्हणावंसं वाटत हुतं."

सुटायला वाट नव्हती. शब्द तिनंच घेतला होता, आता तो तिच्यावरच उलटला होता.

"मला माहीत आहे, काही नाही ते," ती दगडाकडं बघत म्हणाली.

"मग?"

"मग… पुढच्या वेळी तुम्ही कशाला यायचं, ते मला दुसरं काही सुचलं नाही."

बाहेर पेपरची सळसळ थांबली.

रामलिंगानं मनगटानं मास्क खाली सारला. त्याच्या नाकावर चष्म्याचे वळ उठले होते, आणि त्या वळांसकट तो तिला इतका आवडला, की तिनं नजर हलवली नाही.

"शिवलीला," तो म्हणाला. डॉक्टर म्हणाला नाही. "मला कारण काढून यायचा कंटाळा आलाय. आधी दात, मग किडे. आता मोडायला दुसरा दात न्हाय माझ्याकडं. मला तुम्ही आवडता. काकांना विचारू?"

"आधी मला तर विचारा."

"विचारतोय की."

"हो," ती म्हणाली. इतक्या हळू, की पंपाची घरघर जरा मोठी असती तर ऐकूही गेलं नसतं.

त्यानं हात पुढं केला. या वेळी अर्ध्यावरून मागं घेतला नाही. पण मोजा होता, मोज्याला आयोडीन, आणि त्यावर झोआंचं विष.

"थांबा," शिवलीला म्हणाली. "आधी हात धुवा."

दोघांनी मोजे उलटे काढून टोपलीत टाकले. दोघं एकाच बेसिनवर उभे राहिले. कोपरापर्यंत साबण, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, तिनं शिकवलं तसं. त्याची घाई चालली होती. तिनं त्याला परत एकदा धुवायला लावलं, आणि मग स्वतःही परत एकदा धुतले.

"झालं का गं?" बाहेरून अप्पांचा आवाज. "चहा टाकू काय पावण्याला?"

"टाका, अप्पा," ती म्हणाली. "हात धुतोय आम्ही."

नळ बंद झाला. टॉवेल हाताच्या अंतरावर खुंटीला होता. पण तो घ्यायचा तर दोघांपैकी कुणाला तरी हात सोडायला लागला असता.